उरल्या दोऱ्यांचा गुंडा

रफूच्या धंद्यात एक मोठी गैरसोय आहे. काम बिघडलं तर ते सगळ्या जगाला दिसतं, आणि चांगलं झालं तर कुणालाच दिसत नाही. शिंप्याने शिवलेला कोट रस्त्याने मिरवत जातो. सुताराच्या खुर्चीवर पाहुणे बसतात आणि तिच्या हातावरून हात फिरवत विचारतात, "कुणाकडून करून घेतली हो?" रफूवाल्याच्या नशिबी हे नाही. त्याच्या कामाकडे कुणी बोट दाखवलंच, तर समजावं की कुठंतरी चुकलं.

अशा या धंद्यात काकूंनी सगळं आयुष्य काढलं. गल्ली त्यांना सुईकाकू म्हणायची. हे नाव कुणी पाडलं ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण दोन्ही अंगांनी शोभायचं. अंगकाठी बारीक आणि ताठ, बोलणं टोचणारं. नवऱ्याचं शिवणाचं दुकान होतं, म्हणून ते मास्तर. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, मध्ये एक पडदा. दुकानात कापडं कापायचं मोठं टेबल, भिंतीशी मशीन, कोपऱ्यात जड इस्त्री, आणि खिडकीपाशी, जिथे दिवसाचा उजेड सगळ्यात जास्त वेळ टिकतो, तिथे काकूंची लाकडी खुर्ची. त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसायचं नाही, असा काही लेखी नियम नव्हता. पण एकदा बसलेला माणूस पुन्हा बसत नसे.

एकदा एक गिऱ्हाईक सिगारेटने जळलेली पँट घेऊन आलं होतं. चार दिवसांनी न्यायला आलं, तेव्हा त्याने ती उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली, आणि तोंड वाकडं करून म्हणालं, "अहो काकू, यात तुम्ही काही केलेलंच दिसत नाही."

"तेच तर केलंय," काकू म्हणाल्या, आणि चष्मा नाकावर चढवून पुढचं काम हातात घेतलं. गिऱ्हाईक जाईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. पण त्या दिवशी त्या गुणगुणत स्वयंपाक करत होत्या, हे मास्तरांनी पडद्याआडून ऐकलं होतं.

ही कला त्यांच्या माहेरची नव्हे. लग्न होऊन आल्या तेव्हा सुईत दोरा ओवता येत होता, इतकीच पुंजी. रफूचे खरे उस्ताद त्यांचे सासरे. काकू त्यांना मामंजी म्हणत. मामंजींना वाटे, आपली विद्या मुलाने उचलावी. पण मुलाचा, म्हणजे मास्तरांचा, स्वभाव कात्रीचा. एकदा चालू झाली की टोकाला जाऊनच थांबायची. एक-एक धागा उचलत तासभर एकाच जागी बसणं त्यांच्या बापजन्मी जमलं नसतं, आणि बाप तर समोरच बसलेला होता. शेवटी एका दुपारी मामंजींनी फाटकं पोतं आणलं, सुतळी आणि दाभण पुढ्यात टाकलं, आणि सुनेला म्हणाले, "सूनबाई, बस."

मामंजींची पद्धत ठरलेली होती. आधी भोकाभोवती खडूने एक गोल काढायचा. मग त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथून धागे काढून घ्यायचे. आधी उभे धागे, मग त्यातून एक खालून, एक वरून असे आडवे. काम झालं की खडू झटकायचा आणि कपडा त्यांच्या हातात द्यायचा. मामंजी डोळे मिटत आणि अंगठा फिरवत. डोळ्यांना फसवता येतं, अंगठ्याला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

पहिल्या पोत्यावर अंगठा अडखळला तो जागीच. "डोंगर," मामंजी म्हणाले.

एवढंच. हा 'डोंगर' काकू जन्मभर विसरल्या नाहीत. पुढे त्यांच्याकडे कुणीही शिकायला म्हणून आलं, किंवा नुसतं चहाला आलं, तरी ही गोष्ट त्याला ऐकावी लागे. "पहिल्याच दिवशी मला डोंगर म्हणाले. नवी नवरी मी! दुसरी कुणी असती तर माहेरी निघून गेली असती." काकू मात्र गेल्या नाहीत. पोत्यावर हात बसल्यावर घोंगडी आली, मग स्वेटर, मग जाड सुती, मग गरम कोट. अंगठा कधी इथे अडे, कधी तिथे. आणि मग एका सकाळी एका तपकिरी कोटाच्या कोपरावरून मामंजींचा अंगठा फिरला, परत फिरला, कडेपर्यंत गेला आणि थांबला. त्यांनी डोळे उघडले.

"कुठं होतं गं?"

यापेक्षा मोठी शाबासकी मामंजींकडे नव्हती आणि याहून मोठी काकूंना नको होती. त्या दिवशी चहात साखर दोनदा पडली. सगळ्यांनी तो पाक गुपचूप प्यायला. मामंजींनी तर कपही बशीत निथळून घेतला.

मग जे व्हायचं तेच झालं. यश डोक्यात गेलं. एका नवरदेवाचा काळा कोट आला. बाहीला कसरीने पाडलेलं भोक होतं. ते काकूंनी असं बुजवलं की स्वतःच खूश झाल्या. कोट घडी घालताना त्यांना कॉलरवर आणखी एक चीर दिसली. समोरच्या बाजूला बटण नाही, म्हणजे हे काज नव्हे. काज नव्हे म्हणजे फाटलंय. फाटलंय आणि गिऱ्हाइकाच्या लक्षात आलेलं नाही. बिचारा लग्नात असा फाटका उभा राहणार! काकूंनी मोठ्या मनाने तीही चीर रफू करून टाकली, तीही फुकट.

लग्नाच्या सकाळी नवरदेव हातात फूल घेऊन दुकानात धावत आला. फूल खोवायचं काज सापडत नव्हतं. "काल तर होतं हो," तो म्हणत होता, आणि कॉलर अशी चाचपत होता जशी काही ते काज कोटातच कुठंतरी सरकून बसलंय. मामंजींनी कोट घेतला. डोळे मिटले. अंगठा कॉलरवरून वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. नवरदेव एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. शेवटी मामंजींनी डोळे उघडले आणि सुनेला अगदी मनापासून विचारलं, "कुठं होतं गं?"

ते काकूंनाही सांगता येईना. शेवटी मामंजींनी अंदाजाने नवीन काज कापलं. नवरदेव गेल्यावर ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलत राहिले. काकूंना वाटलं, संतापले. जवळ जाऊन बघतात तर म्हातारा हसत होता. त्यांना तसं हसताना काकूंनी पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं.

मामंजी गेल्यावर पहिली काही वर्षं काकूंना काम गोड लागेना. काम होतं, हातही चालत होता, पण झालेला कपडा द्यायचा कुणाकडे? मास्तर होते. पण मास्तर म्हणजे कौतुकाची धर्मशाळा. चहाला "वा!", उन्हाला "वा!", गिऱ्हाइकाने नुसतं कापड दाखवलं तरी "वा!" त्यांच्यापुढे रफू केलेला कपडा धरला, की तो हातात घेण्याआधीच "वा!" येई. माणूस मनाचा चांगला होता, पण फुकट वाटलेल्या वस्तूला भाव नसतो.

म्हणून मग काकूंनी स्वतःच एक रीत बसवली. काम झालं की खडू झटकायचा आणि कपडा उलटा ठेवून द्यायचा. आत जायचं, चहा करायचा, बसून प्यायचा, गल्लीकडे बघायचं. मग परत येऊन, जणू दुसऱ्या कुणाचं काम आहे असं समजून, डोळे मिटून अंगठा फिरवायचा. अंगठा अडला तर उसवायचं. नाही अडला, तर मामंजींच्या आवाजात, थोडा घसा खरवडून, स्वतःलाच विचारायचं, "कुठं होतं गं?" आणि त्या कामातून उरलेला दोऱ्याचा शेव शेल्फवरच्या गुंड्याला गाठ मारून गुंडाळायचा.

तो गुंडा तसा जुना होता, मामंजींच्या काळातलाच. तो कधी आणि कसा सुरू झाला ते काकूंना आठवत नव्हतं. दुकानात केर नको म्हणून असेल, असं त्या सांगत. पण नियम त्यांनी कडक केला होता. जे काम दिसलं नाही, त्याचाच दोरा गुंड्यावर. त्या नवरदेवाच्या काजाचा काळा दोराही त्यात होता, आणि नियमात तोही चपखल बसत होता. गुंडा वाढत गेला, दोन्ही हातांत धरावा लागेल इतका झाला. काळे, करडे, निळे, मेंदीच्या रंगाचे, सगळे दोरे एकमेकांच्या गळ्यात गळा घालून. लेक लहान असताना मैत्रिणींना सांगायची, "आमच्या घरात एक गुंडा आहे, पण तोसुद्धा आईला घाबरतो."

पुढे दिवस बदलले. तयार कपड्यांची दुकानं झाली. लोक फाटलं की टाकू लागले. कधीकधी आख्खी दुपार खिडकीपाशी रिकामी जायची. अशा दुपारी काकू तो गुंडा मांडीवर घेऊन फिरवत बसत. हा त्या डॉक्टरीणबाईंच्या शालीचा. हा बँडवाल्याच्या अंगरख्याचा. हा लेकीच्या शाळेच्या स्वेटरचा. जगातल्या इतक्या भोकांचा आपण निकाल लावला, आणि एकाचाही पत्ता कुणाला नाही, या विचाराने त्यांना बरं वाटायचं. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा खुर्चीत ताठ बसत.

मग एका सकाळी त्यांच्या हातातून कात्री पडली. उचलायला गेल्या तर उजवा हात ऐकेना. पक्षाघाताचा झटका हलका होता. बोलणं नीट राहिलं, चालणं चार दिवसांत सुधारलं, पण उजव्या हाताची बोटं जड पडली. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "बोटं परत येतील. पण हे पहिले काही महिनेच हातात आहेत. रोज कामाला लावलीत तर येतील. नुसती ठेवलीत तर आखडतील, मग माझ्याने काही होणार नाही."

व्यायामही सोपे दिले. ओला स्पंज पिळायचा. एका बशीतली बटणं उचलून दुसऱ्या बशीत टाकायची. शिंप्याच्या घरात बटणांना काय तोटा! लेक ऑफिस सुटलं की रोज येऊ लागली. आई बटण उचलायची, निसटायचं, पुन्हा उचलायची. पहिल्यांदा एक बटण त्या बशीतून या बशीत पडलं, तेव्हा लेकीने टाळ्या वाजवल्या आणि मास्तरांनी "वा! वा!" केलं.

काकूंनी बशी सरकवून दिली. "मी काय रांगतं बाळ आहे?"

"अगं आई, काल एकही उचलता आलं नव्हतं तुला."

"रेशमावर रफू केलंय मी. बटण उचललं म्हणून दवंडी पिटू?"

शेजारीण बघायला आली आणि म्हणाली, दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, धीर धरा. काकू म्हणाल्या, "मुंगी चालते तरी. माझी बसूनच राहिलीय." शेजारणीने धीर तिथेच ठेवला आणि घरी गेली.

हळूहळू स्पंज वाळला. बटणं डब्यात परत गेली. लेक रागावली, मग तिने विनवण्या केल्या, मग रडली. पालथ्या घड्यावर पाणी. काकू तासन्‌तास पलंगावर बसत आणि उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत, जसा काही कुणी दुसऱ्याचा हात ठेवायला देऊन गेलंय. खरं सांगायचं तर त्या घाबरल्या होत्या. उद्या बटणं उचलता आली, परवा चमचा धरता आला, तरी ती बोटं पुन्हा धाग्यातून धागा काढतील का, हे त्यांना विचारायचं होतं, आणि नाही असं उत्तर ऐकायचं नव्हतं. त्यापेक्षा प्रयत्नच न केलेला बरा. हरलो असं म्हणावं लागत नाही.

"ती खुर्ची काढा तिथून," एक दिवस त्यांनी मास्तरांना सांगितलं. "उगाच जागा अडते."

मास्तर "हो" म्हणाले आणि त्यांनी खुर्ची काढली नाही. रोज सकाळी ते ती फडक्याने पुसत. काकू ते पाहत, आणि कूस बदलत.

शेवटी एका दुपारी त्यांनी स्वतःच आवराआवर काढली. सुया डबीत घातल्या. खडू डबीत घातले. मग शेल्फवरच्या गुंड्याकडे वळल्या, तोही ट्रंकेत टाकायचा म्हणून. डावा हात चांगला होता, पण हट्ट मेला नव्हता. त्यांनी उजवा हात वर केला, गुंडा बोटांनी पुढे ओढला, आणि तो सुटला.

दुकानाची जमीन जुनी, दरवाजाकडे उतरती. गुंडा टेबलाखालून घरंगळला, उंबरा ओलांडला, पायऱ्या उतरला आणि रस्त्यावर आला. नेमका तेव्हाच पोस्टमन सायकलवरून चालला होता. गुंड्याचं सुटं टोक त्याच्या मागच्या चाकाच्या आसात अडकलं. पुढे पोस्टमन, मागे उड्या मारत, उलगडत चाललेला गुंडा, आणि त्याच्यामागे गळ्यात टेप लटकवून धावणारे मास्तर, "अहो थांबा! थांबा हो!" असं ओरडत. पोस्टमनला वाटलं, मास्तरांचं काही पत्र यायचं राहिलंय. तो हात हलवून "आज काही नाही!" असं ओरडला आणि त्याने वेग वाढवला.

गल्लीच्या टोकाला तो थांबला, तेव्हा गुंडा उरलाच नव्हता. गल्लीभर रंगीत दोरा पडला होता. मास्तर आणि पोस्टमन दोघांनी मिळून तो गोळा केला. मास्तर दोन्ही हातांत तो पसारा घेऊन, गवताचा भारा आणावा तसे, दुकानात आले आणि त्यांनी तो टेबलावर ठेवला. त्यांना दम लागला होता. "काही काळजी करू नकोस," ते म्हणाले. "तू बस. मी आत्ता गुंडाळतो, बघता बघता."

"हात लावू नका," काकू म्हणाल्या.

त्या पसाऱ्याच्या अगदी आतल्या टोकाला काहीतरी टणक लटकत होतं. काकूंनी डाव्या हाताने ते उचललं. लाकडी बटण होतं, कड तुटलेलं. त्याच्या भोवती जाड सुतळीचे दोन वेढे अजून चिकटून बसले होते.

काकू खुर्चीवर बसल्या. कितीतरी दिवसांनी त्या आपल्या खुर्चीवर बसल्या होत्या, आणि हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

ती दुपार त्यांना आठवली, पण आता सगळी आठवली. पोतं. दाभण. अडखळलेला अंगठा. "डोंगर." आणि त्यानंतर? त्यानंतर आपण मान खाली घातली होती, डोळ्यांत पाणी आलं होतं. मामंजी उठले होते. बटणांच्या डब्यातून त्यांनी हे फुटकं बटण शोधलं होतं, पोत्यातून उरलेल्या सुतळीचा तुकडा त्याच्यावर गुंडाळला होता, आणि ते सुनेच्या तळहातावर ठेवून म्हणाले होते, "ठेव. उद्याचा याच्यावर गुंडाळ." दुसऱ्या दिवशीचं रफूही दिसत होतं. तिसऱ्या दिवशीचंही. त्या सगळ्या दिसणाऱ्या, डोंगरासारख्या, ढोबळ कामांचे दोरे मामंजींनी गुंडाळायला लावले होते. 'जे दिसलं नाही त्याचाच' हा नियम त्यांचा नव्हताच. तो नंतर काकूंनी केला होता, आणि केला त्या दिवसापासून आधीचं सगळं विसरल्या होत्या.

मामंजी शाबासकी हातावर ठेवून गेले आणि आपण जन्मभर टोमणा तेवढा जपला, हे काकूंना कळलं. त्या रडल्या. मास्तरांना वाटलं गुंड्यासाठी रडते, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं की पसारा दिसतो तितका वाईट नाही.

मग काकूंनी ते बटण डाव्या मुठीत धरलं आणि उजव्या हाताच्या बोटांत सुतळी पकडली. सुतळी जाड होती, म्हणून त्या जड बोटांतही ती राहिली. एक वेढा. निसटली. पुन्हा एक वेढा. उन्हं टेबलावरून खाली उतरेपर्यंत सुतळी संपली, तेवढीच. काकूंनी ते बटण शेल्फवर जुन्या जागी ठेवलं, आणि घसा खरवडल्यासारखं काहीतरी केलं. म्हणाल्या काही नाही.

दुसऱ्या दिवशी घोंगड्यांची लोकर आली. ती सुतळीपेक्षा बारीक, पण चिवट. मग स्वेटरचे दोरे. गंमत अशी की गुंडा ज्या क्रमाने वाढला होता त्याच क्रमाने तो आता पुन्हा गुंडाळायचा होता, आणि काकूंचा हात जसा पहिल्यांदा तयार झाला होता, जाडाकडून बारकाकडे, तसाच त्याला आता पुन्हा जावं लागत होतं. डॉक्टरांनी दिला असता तरी याहून चांगला व्यायाम दिला नसता. जिथे गाठी सुटल्या होत्या तिथे त्या पुन्हा माराव्या लागत. एकेका गाठीला अर्धा अर्धा तास जाई आणि काकूंच्या तोंडून जे शब्द येत ते ऐकून इस्त्री आपोआप तापत असावी.

मास्तरांना "वा!" म्हणायची बंदी होती. ते पाळत. फारच अनावर झालं की पडद्याआड जाऊन हळूच म्हणून येत.

पण पुढे पुढे काकू स्वतःच बोलू लागल्या. तपकिरी दोरा आला, तेव्हा म्हणाल्या, "हा पहिला. 'कुठं होतं गं'चा." काळा आला, तेव्हा एकट्याच हसत सुटल्या आणि मास्तरांना नवरदेवाची गोष्ट पुन्हा ऐकावी लागली. करडा आला, तो मामंजींच्याच कोटाचा. तो त्यांनी कधी कुणाच्या हातात दिला नव्हता. शेवटच्या वर्षी तो काही न बोलता सुनेच्या टेबलावर ठेवून गेले होते. त्या दोऱ्याचे वेढे काकूंनी अगदी सावकाश घेतले.

एका संध्याकाळी लेक आली आणि टेबलावरच्या निळ्या लोकरीकडे बघून एकदम थांबली. "आई, हा माझ्या स्वेटरचा ना? कोपराचा?"

"दर वर्षी त्याच कोपराचा. बाकावर रेलून झोपायचीस, आणखी काय!"

"मी बाईंना सांगायचे, माझा स्वेटर कधी फाटतच नाही."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. "बरं," त्या म्हणाल्या, "धर जरा ते टोक," आणि त्या दिवशी त्यांनी लेकीला शेजारी बसू दिलं. लेकीने टाळ्या वाजवल्या नाहीत. आईने एक गाठ मारली की ती नुसती पुढचं टोक शोधून द्यायची.

रेशमाने मात्र दम काढला. बोटांना ते असल्याचं कळायचंच नाही. आहे म्हणून बघावं तर कधीच निसटलेलं. काही दिवस नुसते हात चोळण्यात गेले. पण आता काकू दिवस मोडीत काढत नसत. काल रेशीम चिमटीत आलं नव्हतं, आज आलं आणि पडलं. त्याला त्या "आज आलं" म्हणत. पडल्याचं सांगायला गल्ली होतीच.

गुंडा पुरा झाला तेव्हा थंडी सरत आली होती. पहिल्यासारखा गोल नव्हता, एका अंगाला पोट सुटलेलं होतं. काकूंनी तो खालीवर करून पाहिला आणि मास्तरांना म्हणाल्या, "घरात एखादं पोतं आहे का फाटकं?"

पोतं होतं. पिठाचं, तळाला उंदराने कुरतडलेलं. मास्तरांनी ते झटकून टेबलावर पसरलं आणि लेकीला हाक मारली. काकूंनी खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली. उजव्या हाताने खडूचा गोल काढला. तो गोल कसला, बटाटाच झाला. मग दाभणात सुतळी ओवली. आधी उभे धागे, मग आडवे, एक खालून, एक वरून. बोटं दमली की थांबायच्या, हात झटकायच्या आणि पुन्हा धरायच्या. मास्तर तोंडावर हात ठेवून उभे होते.

काम झालं. काकूंनी खडू झटकला, पोतं उलटं ठेवलं आणि आत जाऊन चहा ठेवला. त्यांनी तो पूर्ण प्यायला, गल्लीकडे बघत. मग परत आल्या, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला.

अंगठा जागीच अडला.

मास्तर घाईघाईने पुढे झाले. इतकी वर्षं ते शब्द पडद्याआडून ऐकले होते, तेवढे त्यांना पाठ होते. "कुठं होतं गं?" ते म्हणाले.

"खोटं बोलू नका," काकू म्हणाल्या. "डोंगर झालाय डोंगर." पण त्या हसत होत्या. त्यांनी कात्री उजव्या हातात घेतली, उरलेल्या सुतळीचा शेव कापला, आणि गुंड्यावरच्या सगळ्यात वरच्या रेशमाला तिची गाठ मारू लागल्या. सुतळी जाड, रेशीम निसरडं. गाठ बसायला वेळ लागत होता.

"आई," लेक हळूच म्हणाली, "पण हे तर दिसतंय."

"दिसू दे," काकू म्हणाल्या, आणि गाठ ओढून घट्ट केली.